आवाजाशी इमान



मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी वसलेल्या आपल्या बाळापुरात इतिहासावर बोलायचे म्हटले की वक्त्याने किल्ल्यावर, मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीवर किंवा १७२० च्या लढाईवर बोलावे, अशी साहजिकच अपेक्षा असते. मी आज या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवणार आहे. घरात गाणे वाजवणारी यंत्रे आणि ती यंत्रे जिवापाड जपून एकमेकांना ऐकवणारे शौकीन, हा माझा विषय आहे. कोणाला तो हलका वाटेल. पण माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे वाचनालयात, कामगारांच्या सभांत आणि रेडिओसमोर झाले. म्हणजे निम्मे शिक्षण कानानेच झाले. त्या कानाचे ऋण थोडेसे फेडावे, एवढाच हेतू आहे.

आपण आज ज्या प्रथेमुळे इथे जमलो आहोत, ती वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, अमेरिकेत एडिसनने बोललेला शब्द पुन्हा ऐकवणारे यंत्र तयार केले. पुढे बर्लिनरने नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी आणली आणि ग्रामोफोनचा जन्म झाला. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचे काम १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. गेसबर्ग नावाचा तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यासमोर गायल्या. गाणे संपले की त्या आपले नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या माणसाला गाणे कोणाचे आहे ते कळावे म्हणून ही तजवीज होती.

त्या साली जे हयात नव्हते, त्यांचा आवाज कायमचा गेला. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले. ज्यांच्या गळ्यावर सारा महाराष्ट्र लुब्ध होता, त्यांचे एक पदही आज आपल्याला ऐकता येत नाही. काहींनी यंत्राला आपणहून नकार दिला. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, पण त्यांच्या गाण्याची तबकडी बाजारात आली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर मात्र ध्वनिमुद्रणाला बसल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली गेली, तिच्यावर हिंदुस्थानचे म्हणून एकच गाणे आहे, आणि ते केसरबाईंचे आहे. गुरूचा आवाज घरातही उरला नाही, शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या सीमेपार गेला. आवाज टिकणे न टिकणे हे गुणावर अवलंबून नसते. त्या घटकेला कोणीतरी यंत्र घेऊन समोर असावे लागते, आणि पुढे ते कोणीतरी जपावे लागते.

कामगारांत वावरणारा माणूस म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जुनी तबकडी बनत असे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांची. ही लाख पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांद्यांवर किडे तयार करतात, आणि ती खरवडून आणणारे हात बहुतेक आदिवासींचे होते. जगभरच्या दिवाणखान्यांत वाजणाऱ्या तबकडीत आपल्या जंगलातली लाख होती. ती गोळा करणाऱ्यांपैकी किती जणांनी ग्रामोफोन ऐकला असेल?

ग्रामोफोन महाग असे. वाड्यात एक यंत्र, त्याच्याभोवती घरची मंडळी, दाराशी आळीतली माणसे आणि भिंतीपलीकडे बाकीचे, अशी ऐकणाऱ्यांची उतरंड असे. चावी भरायची, पिन बदलायची, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे ऐकायचे, पुन्हा चावी. पण भिंतीपलीकडच्या कानाची किंमत कमी लेखू नये. गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून वेडावला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी झाले. ते यंत्र काही त्यांचे नव्हते.

रेडिओने हे दार आणखी उघडले. मुंबई केंद्र १९२७ साली सुरू झाले. आपल्या भागासाठी नागपूर केंद्र १९४८ मध्ये आले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सामुदायिक रेडिओ वाजू लागला. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत एक प्रयोग झाला. शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि मग कृती करायची. नुसते ऐकण्यापेक्षा मिळून ऐकण्यात अधिक शहाणपण आहे, हे त्यातून दिसून आले.

याच सुमारास युरोप-अमेरिकेत ‘हाय फिडेलिटी’, म्हणजे हाय-फाय, हा शब्द रूढ झाला. फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ आवाजाशी जास्तीत जास्त इमान राखणारे यंत्र, असा त्याचा अर्थ. १९४७ साली इंग्लंडात विल्यमसन यांनी एका मासिकात ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला आणि हजारो हौशी माणसांनी तो घरी बसून जोडला. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, तीनाच्या जागी वीस-बावीस मिनिटे मिळाली. १९५४ साली ब्रिग्ज नावाच्या स्पीकर बनवणाऱ्या गृहस्थांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लोकांना जमवले आणि प्रत्यक्ष वादन व त्याचे ध्वनिमुद्रण एकामागोमाग ऐकवून फरक ओळखायला सांगितले. म्हणजे आपले यंत्र चारचौघांपुढे मांडून ‘ऐका आणि सांगा’ म्हणण्याची रीत या शौकाच्या आरंभापासूनच आहे.

आपल्याकडे परदेशी माल मिळणे कठीण होते. आयात परवान्याची अडचण, वर जबर जकात. मोठ्या शहरात कोणाचा आप्त आखातातून टेपरेकॉर्डर आणी, कोणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून यंत्र जोडी. मध्यमवर्गीय घरात एचएमव्हीचा फिएस्टा वाजे. आणि आमच्यासारख्यांच्या गावात? आमच्या गावात माठ होता.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या आळीत मोटारींचे रिवायंडिंग करणारे एक मिस्त्री होते. त्यांनी स्वतः ॲम्प्लिफायर जोडला होता आणि दोन माठांच्या तोंडावर दोन स्पीकर बसवले होते. माठाचे तोंड दगडावर घासून सपाट केलेले, आत पिंजलेली रुई. ही रुई माझ्या वडिलांनी जिनिंगमधून आणून दिली होती. वडील तिथे हमाल होते. आम्हाला वाटे की हा गरिबाचा जुगाड. पुढे वाचनात आले की स्पीकरचा कागदी पडदा पुढे जितकी हवा ढकलतो, तितकीच मागून ओढतो. या दोन लाटा एकमेकींत मिसळल्या तर खर्जाचा आवाज मारला जातो, म्हणून मागची लाट कोंडावी लागते. असेही वाचले की अमेरिकेत ऑल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी निरनिराळ्या आकारांची खोकी तपासली, तेव्हा चौकोनी खोक्यांपेक्षा गोल आकाराचा आवाज अधिक सरळ आला. कुंभाराने घडवलेला आकार शास्त्राच्या कसोटीलाही उतरत होता.

रविवारी संध्याकाळी मिस्त्रींच्या ओसरीवर बैठक बसे. एसटीचे एक ड्रायव्हर, सतरंजी विणणारे एक चाचा, एक शिक्षक आणि आम्ही चार-दोन पोरे. चाचा कव्वालीची कॅसेट आणत. शिक्षक मूर्तिजापुरात जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांची आणत आणि ‘आपल्या जिल्ह्याचा गळा’ म्हणून अभिमानाने लावत. कोणी नवा ट्वीटर आणला की तो जोडून बघायचा, टेपच्या हेडला कापसाने स्पिरिट लावायचे, डाव्या-उजव्या आवाजाचा तोल जमवायचा, आणि मग वाद. मिस्त्री म्हणत, “आवाज मोठा करून नाई पाह्यचं, डोये मिटून पाह्यचं.” त्याच काळात एका धनिकाच्या घरी मी परदेशी संच काचेच्या कपाटात पाहिला. पाहिला एवढेच, त्यांनी तो लावला नाही, आणि आम्हाला उंबऱ्यावरूनच परतवले. आमच्या ओसरीवर चपला काढल्या की आत यायला कोणाला मज्जाव नव्हता.

एका रविवारी शिक्षकांनी गाडगेबाबांच्या कीर्तनाची कॅसेट आणली. शेंडगावचे गाडगेबाबा, आपल्या वऱ्हाडचे. त्यांचे वांद्र्याचे अखेरचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झाले आणि सुदैवाने ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर दीड महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. आवाज घोगरा, मागे लोकांचा गलबला. यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर त्यात ना खर्ज धड, ना तार. पण बाबा प्रश्न विचारत आणि ओसरीवरची माणसे तीस वर्षांनंतर हुंकार देत. त्या दिवशी कोणीही ट्वीटरविषयी बोलले नाही.

आता माझी चूक सांगतो. त्याच्या पुढच्याच महिन्यात मी मिस्त्रींचा टू-इन-वन घरी आणून मायच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या. गावात चक्की होती, तरी माय डाळ जात्यावरच भरडी. ती लाजली, मग गायली. पाऊण तास गायली. पुढे एका बैठकीला बाहेरगावचे एक शौकीन नवी सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट घेऊन आले. आवाज डावीकडून उजवीकडे धावत जाई. सगळे थक्क झाले. नक्कल करून घ्यायची होती आणि कोरी कॅसेट कोणाजवळ नव्हती. मी खिशातली दिली. चारचौघांत आपली कॅसेट कामी येते आहे, याचाच मला मोठेपणा वाटला. कॅसेटच्या मागल्या कडेला दोन बारीक खुंट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरे काही भरले जात नाही. त्या मी मोडल्या नव्हत्या.

काही दिवसांनी मायने ती लावायला सांगितली. सिनेमाचे गाणे वाजू लागले. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “माहा आवाज कुठी गेला रे बापू?” मी पुन्हा टेप करू म्हणालो. पुढे मी संघटनेच्या कामात पडलो, आज-उद्या करता करता वर्षे गेली, आणि तो आवाज पुन्हा टेप झाला नाही. आज माय नाही.

त्याच वर्षांत पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघे अभ्यासक खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करीत होते. त्यांच्या कार्यातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला आणि १९९० च्या दशकात त्यातल्या पुष्कळशा गाणाऱ्या बायांच्या आवाजात मुद्रितही झाल्या. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. तबकड्या एकत्र बसून ऐकायच्या, कोणी काय गायले याची नोंद करायची, इतरांना ऐकवायचे, असे तिचे काम. हे सारे शौकीनच. फरक इतकाच की यंत्राच्या कौतुकापाशी ते थांबले नाहीत.

शौकाला मी नावे ठेवत नाही. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाने रविवारी दोन माठांसमोर डोळे मिटून बसावे, यात मला मोठी प्रतिष्ठा दिसते. मिस्त्रींनी आम्हाला ऐकायला शिकवले, आणि ऐकायला शिकलेला माणूसच पुढे सभेत दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेतो, हा माझा संघटनेतला अनुभव आहे. परंतु इमान या शब्दाचा अर्थ आम्ही अर्धाच धरला. यंत्राने आवाजाशी इमान राखावे म्हणून आम्ही पिंजलेली रुई भरली, हेड पुसले, तोल जमवला. ज्याचा आवाज, त्या माणसाशी इमान राखायचे राहून गेले.

मिस्त्रींनी पुढे हलाखीत ॲम्प्लिफायर विकला; माठांत त्यांच्या घरी धान्य भरले गेले. आज प्रत्येकाच्या खिशात त्याहून चांगले यंत्र आहे आणि प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे. तक्रार करून ओसरी परत येणार नाही. पण आपल्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत, देवळीत अजून कॅसेटी पडलेल्या आहेत. त्यांत कोणाच्या आजीचे गाणे असेल, कोणाच्या वडिलांचे भाषण, एखाद्या जुन्या संपातली सभा. फितीला बुरशी लागते, आणि भंगारवाला त्या किलोने नेतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच. उद्या त्या कॅसेटी खाली काढा. कोणाचा आवाज, कोणत्या साली, हे वर लिहा. मागच्या दोन्ही खुंट्या मोडा. मग त्या आवाजाची नक्कल करून ठेवा आणि एखाद्या रविवारी आळीतल्या चार माणसांना बोलावून ती ऐका. दार उघडे ठेवा.