म्हैसुरात उणे ४० अंश

म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये एखाद्या गाडीला स्कॅनर जोडला आणि इंजिनाच्या पाण्याचे तापमान उणे ४० अंश दिसले, तर हसून सोडून देऊ नये. इतका स्पष्ट पुरावा क्वचित हाती लागतो. गाडीचा कंप्युटर सेन्सरला ५ व्होल्ट पुरवतो. पाणी तापेल तसा सेन्सरचा रोध घटतो आणि तारेवरचे व्होल्टेज उतरते. तार तुटली की ते पुन्हा ५ वर चढते, आणि कंप्युटरच्या लेखी त्याचा अर्थ कडाक्याची थंडी. पी ०११८ हा कोड एवढेच सांगतो की या मंडलातले व्होल्टेज अवाजवी वाढले आहे. सेन्सर गेला, असे तो म्हणत नाही.

तरी पहिल्यांदा बदलला जातो तो सेन्सरच. त्याआधी कपलर काढून त्यातल्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात. आकडा एकदम वरच्या टोकाला गेला, तर वायरिंग आणि कंप्युटर शाबूत, दोष सेन्सरचा. उणे ४० वरून हललाच नाही, तर वायरिंग तपासावे. तारा कुरतडणाऱ्या उंदरांवर संशय आधी घ्यावा.

भारतात चारचाकींना ही स्वयंनिदान व्यवस्था भारत स्टेज ४ बरोबर २०१० पासून आली, आणि २०१३ पासून तिची अधिक कडक दुसरी पायरी. कोडमधला ‘पी’ इंजिन व गिअरबॉक्सचा, त्यापुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक. निदानाच्या दृष्टीने मात्र मी कोडचे दोनच वर्ग मानतो: मंडलाचे आणि परिणामाचे. पहिला वर्ग वर आला. खरी परीक्षा दुसऱ्यात.

पी ०१७१ घ्या: मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून कंप्युटर इंधन वाढवत जातो आणि ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेबाहेर गेली की कोड नोंदवतो. दुरुस्ती आयडलवर मोठी आणि अडीच हजार फेऱ्यांवर कमी होत असेल, तर मोजणीतून निसटलेली हवा कुठून तरी आत शिरते आहे. ताणाखाली वाढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर. पण हा नियम हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या गाड्यांचा. अनेक लहान गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळतीची हवाही मोजली जाते, म्हणून कोडऐवजी आयडलच चढते.

मॅप सेन्सरची परीक्षा सोपी आहे: किल्ली चालू, इंजिन बंद. सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंच, म्हणून इथे ९२. पुस्तकातला १०१ डोक्यात ठेवणारा मेकॅनिक इथला धडधाकट सेन्सर काढून फेकेल. उलट, ८५ दाखवणारा सेन्सर हवा कमी समजतो, इंधन कमी सोडवतो आणि पी ०१७१ ओढवून घेतो; त्याच्या स्वतःच्या नावाचा कोड मात्र येतच नाही, कारण व्होल्टेज मर्यादेतच असते.

इथेनॉलचाही हिशेब धरावा. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या इंधनाला साधारण साडेतेरा. १० टक्क्यांवर जुळवलेल्या इंजिनात इंधनाची दुरुस्ती चार-पाच टक्क्यांनी वाढली, तर तो बिघाड नव्हे.

आणि घाईने कोड पुसू नये. कोड नोंदवताना कंप्युटर त्या क्षणाचा वेग, ताण, तापमान टिपून ठेवतो. पुसताना ती नोंदही जाते. ती आधी उतरवून घ्यावी आणि दुरुस्तीनंतर गाडी त्याच परिस्थितीत चालवावी. ताण मोठा नोंदला असेल, तर चामुंडी टेकडीचा चढ चढावा. तिथे हवेचा दाबही ९० च्या खाली येतो, हे धरून आकडे वाचावेत. बल्लाळ सर्कलच्या रहदारीत रांगत दोन फेऱ्या मारून काहीही सिद्ध होत नाही.