शब्दांवरून चित्रपट : साधन निवडण्याची जुनी कसोटी

‘एक तरुण मराठी डॉक्टर चीनमधील डोंगराळ गावात जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करीत आहे.’ एवढे बारा शब्द संगणकाला दिले, की काही मिनिटांत त्यांची सिनेमासारखी चित्रफीत तयार होते. स्नेहसंमेलनासाठी, विज्ञान प्रदर्शनासाठी, इतिहासाच्या तासासाठी अशा फिती करून पाहण्याचा मोह कोणालाही होईल. मग प्रश्न येतो : ही कामे करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची अनेक साधने आहेत, त्यांतले कोणते निवडावे?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. शब्दांतली गोष्ट हलत्या चित्रांत आणण्यासाठी कोणते साधन घ्यावे, हा विचार महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्या इतिहासातली एक वाट थेट सोलापूरला येते.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी लगेच पौराणिक कथेला हात घातला नाही. आधी एका कुंडीतला वाटाणा निवडला. ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्यांनी अंकुराची वाढ चित्रित केली. पडद्यावर ती झरझर सरकली, तेव्हा अनेक दिवसांची वाढ डोळ्यांदेखत घडताना दिसली. हीच फीत दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभे केले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. फाळक्यांची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. साधनाची परीक्षा त्यांनी अशा विषयावर घेतली, जो कुंडीजवळ जाऊन कोणालाही ताडून पाहता येत होता. त्या फितीत काळ आखडला होता, पण प्रत्येक चौकटीसमोर खरा वाटाणा होता.

पुढचे पाऊल कोल्हापुरात पडले. बाबूराव पेंटर यांनी १९१८च्या सुमारास विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कॅमेराच स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. बाबूराव मुळात चित्रकार. कॅमेऱ्यापुढे काय दिसावे, हे ते आधी कागदावर रेखाटून ठेवीत. म्हणजे शब्द आणि चित्रफीत यांच्यामध्ये एका माणसाचा हात आणि त्याचा निर्णय होता. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी केलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. पुढे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यावरून चित्रपट झाला.

आता या चित्रपटाकडे साधनाच्या दृष्टीने पाहू. कोटणीसांची भूमिका पंचेचाळिशीच्या शांतारामांनी केली, त्यांच्या चिनी पत्नीची जयश्री यांनी. प्लेगच्या साथीशी झुंज आणि जपानी सैनिकांच्या तावडीतून सुटका असे नाट्यपूर्ण प्रसंग त्यात आले. पुस्तक जेथे गप्प होते, किंवा पडद्याला पुरेसे नाट्य देत नव्हते, तेथे दिग्दर्शकाने आपल्या कल्पनेने भर घातली. यात फसवणूक नव्हती. समोर शांताराम आहेत, कोटणीस नव्हेत, हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. रिकाम्या जागा कोणी भरल्या, त्याचे नाव श्रेयनामावलीत होते. ‘हा प्रसंग असा का घेतलात?’ असे विचारायला एक माणूस होता.

नव्या साधनांत नेमका येथेच फरक पडतो. मेटा आणि गूगल या कंपन्यांनी २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शब्दांवरून चित्रफीत करणाऱ्या प्रणाली जाहीर केल्या. २०२३ मध्ये रनवे कंपनीची ‘जेन-२’ आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयने ‘सोरा’ची मिनिटभर लांबीची दृश्ये दाखवली. मे २०२५ मध्ये गूगलच्या ‘व्हिओ ३’ने चित्राबरोबर आवाजही तयार केला. या साधनांचे काम ढोबळमानाने असे चालते : मथळे जोडलेली असंख्य चित्रे आणि फिती पाहून प्रणाली शब्द आणि दृश्य यांचे संबंध शिकते. नंतर ती निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करते आणि आपल्या शब्दांशी जुळेल असा आकार येईपर्यंत पायरीपायरीने तो गोंधळ कमी करीत जाते.

थोडा हिशेब करू. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर १० सेकंदांच्या फितीत २४० चौकटी होतात. १९२० × १०८० ठिपक्यांच्या एका चौकटीत २०,७३,६०० ठिपके. एकूण झाले ४९,७६,६४,०००, म्हणजे जवळजवळ ५० कोटी. प्रत्यक्षात प्रणाली हे काम संक्षिप्त रूपात करते, पण पडद्यावर भरायची जागा एवढीच असते. आपण दिले होते बारा शब्द! डॉक्टरचा चेहरा, अंगावरचा सदरा, भिंतीची माती, सैनिकाचा गणवेश यांतले काहीच आपण सांगितलेले नाही. ते सारे ‘असे असण्याचा संभव जास्त’ या न्यायाने भरले जाते. संभव म्हणजे पुरावा नव्हे. ज्यांची छायाचित्रे जगात विपुल आहेत, त्यांच्याकडे हा संभव झुकतो. १९४० च्या आसपासचा सोलापूरचा तरुण त्यात कितीसा असणार?

शिवाय चित्र हुबेहूब दिसले म्हणजे कार्यकारणभाव जुळला, असेही नाही. सोरा जाहीर करताना ओपनएआयनेच सांगितले होते, की माणसाने बिस्किटाचा घास घेतला तरी बिस्किटावर चावल्याची खूण उमटेलच असे नाही. विज्ञान शिक्षकाने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

साधनांची नावे आणि आवृत्त्या भराभर बदलतात. काही बंद पडतात, काहींचे शुल्क वाढते. म्हणून आम्ही येथे नावाची शिफारस करीत नाही, कसोट्या सांगतो. पहिली कसोटी बाबूरावांची : आपण काढलेले रेखाचित्र किंवा छायाचित्र पहिली चौकट म्हणून हे साधन घेते का? घेत असेल, तर रिकाम्या जागा काही अंशी आपल्या हाती राहतात. दुसरी दिग्दर्शकाची : कॅमेरा कोठून कोठे जावा हे सांगता येते का, आणि एका फितीतला माणूस दुसऱ्या फितीत तोच राहतो का? तिसरी श्रेयनामावलीची : फीत यंत्राने केली आहे, याची खूण तीत राहते का? गूगलने २०२३ मध्ये ‘सिंथआयडी’ ही डोळ्यांना न दिसणारी खूण आणली. परंतु अशा खुणेवर न विसंबता ‘काल्पनिक दृश्य’ ही अक्षरे आपणच पडद्यावर ठसठशीत घालावीत. चौथी फाळक्यांची : ज्याची शहानिशा वर्गात करता येईल, त्या विषयावर साधन आधी तपासावे.

सोलापुरात या चौथ्या कसोटीसाठी वाटाणा शोधायला नको. येथील चादर प्रसिद्ध आहे आणि माग पाहिलेली, मागावर काम करणाऱ्यांच्या घरची मुले वर्गात असतात. ‘मागावर चादर विणली जात आहे’ असे सांगून फीत करावी आणि मुलांना विचारावे : ताण्याचे धागे आळीपाळीने वर-खाली होतात का? त्यांच्यामधून बाणा जातो का? चादरीवरची नक्षी विणीतून उमटते, की आपोआप उगवते? ज्या मुलाचे वडील मागावर काम करतात, ते मूल या परीक्षेत परीक्षक असेल. दोन-तीन साधने अशी तपासली, की निवड सोपी होईल. एक गोष्टही मुलांच्या ध्यानात येईल : आपल्याला जे माहीत आहे त्यात यंत्र चुकताना दिसते, मग जे माहीत नाही त्यात ते चुकत नसेल कशावरून?

त्यानंतरच कोटणीसांकडे वळावे. भैया चौकाजवळ त्यांचे स्मारक आहे, तेथे मुलांना आधी न्यावे. वहीत दोन रकाने आखावेत, ‘कशावरून कळले’ आणि ‘आपण कल्पिले’. फितीतली प्रत्येक वस्तू त्यांपैकी एका रकान्यात गेली पाहिजे. दुसरा रकाना भरला म्हणून बिघडत नाही. शांतारामांचाही तो भरलाच होता. मात्र तो कोरा ठेवून फीत दाखवली, तर आपल्याच गावच्या माणसाचा परका चेहरा मुलांच्या स्मरणात कायमचा बसेल आणि तो पुसायला पुढे कोणीही येणार नाही.