हाडातल्या सिमेंटचं कूळ

गुडघा किंवा खुबा बदलताना हाडात जे सिमेंट भरतात, त्याचं माहेर दंतवैद्याकडचं. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट हे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक जर्मनीत ओटो र्‍योम यांनी 1930च्या दशकात बाजारात आणलं. त्याची तावदानं लढाऊ विमानांना लागली, तेच कवळ्यांनाही चाललं. 1958च्या सुमारास मँचेस्टरचे सर्जन जॉन चार्नली कृत्रिम खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात पक्का कसा बसवावा या विवंचनेत होते. दातांच्या साहित्यातले जाणकार डेनिस स्मिथ यांनी त्यांना हे कवळीचं द्रव्य सुचवलं.

भुकटीत द्रव कालवायचा, कणकेसारखा गोळा झाला की हाडात दाबायचा. दहा-पंधरा मिनिटांत तो तापून दगड होतो. चिकटवण्याचा गुण त्यात नाहीच. हाडाच्या छिद्रांत घुसून तो नुसता घट्ट अडकतो.

बसवलेल्या सांध्यात जंतू शिरले की मात्र अवघड. धातूला आणि प्लास्टिकला रक्त कुठून मिळणार? जंतूंनी तिथे थर धरला की पोटातलं औषध पोचत नाही. मग बहुतेकदा सांधा काढायचा, काही आठवडे औषध भरलेला तात्पुरता ठोकळा ठेवायचा, पुन्हा ऑपरेशन. बीड जिल्ह्यातल्या ज्या घरानं मुकादमाकडून मजुरीची आगाऊ उचल घेतली आहे, त्याचा ऊसतोडीचा हंगाम एवढ्यात बुडाला समजा. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारे गुडघे आधीच झिजलेले असतात. त्यांच्या बाबतीत जंतुसंसर्ग ही निव्वळ वैद्यकीय बाब उरत नाही.

उपाय हॅम्बुर्गला निघाला. बुखहोल्झ आणि एंगेलब्रेख्ट यांनी 1970 साली सिमेंटमध्येच जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळल्याचं प्रसिद्ध केलं. सिमेंटच्या उष्णतेत टिकणारं औषध म्हणून ही निवड. पण बरंचसं औषध पहिल्या काही दिवसांतच पाझरतं, उरलेलं आतच कोंडतं. जास्त घातलं तर सिमेंट कमजोर होतं. शिवाय जेंटामायसिनला न जुमानणारे जंतू आहेतच.

इथे चांदी आली. कण नॅनोमीटरांत मोजण्याइतका बारीक केला की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग प्रचंड वाढतो, आणि त्यातून सुटणारे चांदीचे आयन जंतूचं आवरण व प्रथिनं बिघडवतात. जर्मनीतले फोल्कर आल्ट आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये असं सिमेंट प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा औषधांना दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जंतूही त्यापुढे वाढले नाहीत. तरी मला घाई पटत नाही. हीच चांदी प्रमाणाबाहेर गेली तर हाडाच्या पेशींनाही मारते, आणि सांधा पंधरा-वीस वर्षं शरीरात राहायचा असतो. ऑपरेशन थिएटरात अजून जेंटामायसिनचंच पाकीट फुटतं.