हिंग्वाष्टक चूर्ण

पोटफुगी, अजीर्ण आणि मंदाग्नी यांवर दिले जाणारे आयुर्वेदीय पाचक चूर्ण. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा (व्यवहारात बहुधा ओवा), सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग ही त्याची आठ द्रव्ये. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त गुल्माच्या (पोटातल्या गोळ्याच्या) चिकित्सेत त्याचा पाठ येतो.

कच्चा हिंग उग्र असतो. म्हणून त्याचा खडा मंद आचेवर तुपात परततात. खडा फुलून हलका आणि ठिसूळ झाला की कुटून बाकीच्या वस्त्रगाळ चूर्णात मिसळतात. बाजारातल्या मिश्र हिंगात डिंकाबरोबर अनेकदा मैदाही असतो. गहू न चालणाऱ्यांनी म्हणूनच डबीवरचे घटक वाचणे गरजेचे ठरते.

चूर्ण घेण्याची खरी वेळ जेवणाच्या सुरुवातीची. गरम मऊ भातावर चूर्ण, वर साजूक तूप, नीट कालवून तोच पहिला घास. प्रौढांसाठी रूढ मात्रा १ ते ३ ग्रॅम. पोट जड झाले म्हणून जेवणानंतर चमच्यांवर चमचे फक्की मारण्यात मात्रेचे भान राहत नाही.

हे चूर्ण उष्ण आणि तीक्ष्ण आहे. वायूने तटतटलेल्या पोटाला ते मानवते, पण छातीत जळजळ, आंबट ढेकर, अल्सर किंवा रक्ती मूळव्याध असल्यास त्रास वाढू शकतो. सैंधव हेही मीठच, हे रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ध्यानात ठेवायला हवे. मिरी-पिंपळीतले पायपरिन फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन अशा औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारणे आवश्यक.

तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावण्याची रीत घरोघरी आहे; तो हिंग पोटात देणे मात्र धोक्याचे. पोटदुखीसाठी हिंग पाजलेल्या तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे झाल्याची वैद्यकीय नोंद आहे.

खरेदी करताना परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यामुळे सुट्या, बिनलेबलाच्या पुडीची खात्री धरता येत नाही. घरी केलेले चूर्ण थोडेच करावे: ‘शार्ङ्गधरसंहिते’नुसार चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर उणावते. ओला चमचा भरणीत गेला की गुठळ्या होतात आणि बुरशी धरते.

दोन आठवडे घेऊनही तक्रार तशीच राहिली, वजन घटू लागले, शौचास काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर चूर्ण थांबवून तपासणी करून घ्यावी. छातीत दाटून येणे, घाम फुटणे आणि डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाणे ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. ‘गॅस झाला असेल’ म्हणून तिथे चूर्ण देत बसू नये, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.