सुई कुणाच्या हातात

आमच्या जुन्या माणसांना जन्मसाल विचारलं की उत्तर साथीत मिळायचं. पणजोबा गाठीच्या तापात जन्मले, थोरले आजोबा मानमोडीत गेले, आत्याला देवी आल्या त्या साली घरातली दुभती गाय विकली. १९१८च्या इन्फ्लुएंझाला मानमोडी म्हणत, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, आज्जीनं सांगितलं. जामखेड तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू गावात काळ मोजायचा तो दुष्काळानं आणि साथीनं.

गाठीचा ताप म्हणजे प्लेग. त्याच्या गोष्टी आज्जीकडे तिच्या सासऱ्यांकडून आलेल्या. त्यांत लस जवळजवळ नव्हतीच. होते ते उंदीर. घरात उंदीर मरून पडला की दुसऱ्या दिवशी गाव माळावर. पाचटाच्या झोपड्या घालून दोन-तीन महिने तिथंच चूल. मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६मध्ये प्लेग ओळखला आणि हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगवरची आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. आमच्याकडे मात्र पोचली ती पुण्यात प्लेगचे रोगी शोधणाऱ्या गोऱ्या सोजिरांची बातमी : घरात घुसतात, बायाबापड्यांना बाहेर काढतात, सामान जाळतात. लस आणि सोजीर एकाच सरकारचे. म्हणून पणजोबांच्या वडलांनी लशीला नकार दिला आणि गाव मात्र वेळेवर सोडलं.

त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उंदरावरच्या पिसवेतून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली मांडलं, तेव्हा विद्वानांना ते पटलं नव्हतं; मान्य व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर आमची माणसं उंदीर बघून बिऱ्हाड हलवत होती. आणि लशीची धास्तीही अगदीच हवेतली नव्हती. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवालला दूषित झालेल्या एका बाटलीतून लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला पुढची काही वर्षं लागली.

देवीची गोष्ट घरातलीच. आत्याचं सगळं तोंड वणांनी भरलेलं. तिच्या धाकट्या भावाच्या, नानांच्या, तोंडावर एकही वण नाही. दंडावर मात्र पावलीएवढे चार. भावंडांत पाच वर्षांचं अंतर आणि मधे एक देवीडॉक्टर. तो डॉक्टर नव्हताच. सरकारी टोचणारा, सायकलवर पेटी बांधून यायचा. आत्या सांगायची, “मला टोचाया आला तवा आईनं कणगीत घातलं मला. वरून गोधडी. म्या आत खोकले तर पाठीत धपाटा.”

आज्जीला यावर विचारलं तर ती चिडायची नाही. कारणं सांगायची. दाते असलेली गोल चकती दंडावर दाबून फिरवत. जखम चिघळे, पोर तापानं फणफणे, आठ-दहा दिवस कडेवरून उतरत नसे. सुगीत पोर कडेवर घेऊन ज्वारी काढायची कुणी आणि मजुरी बुडाली तर द्यायची कुणी? शिवाय देवी म्हणजे बाई. ती आली तर घरात फोडणी द्यायची नाही, दाराला लिंबाचा डहाळा, बाहेरच्यानं आत यायचं नाही, बाईला दहीभात. आपणहून आलेली बाई सोसायची. तिला मुद्दाम बोलावून लेकराच्या दंडावर बसवायचं हा आगाऊपणा. टोचणारा वेशीबाहेर गेला की काही आया दंड राखेनं पुसून लस काढून टाकत.

ज्या साथीत आत्याला देवी आल्या, त्याच साथीत आज्जीचा मधला मुलगा गेला, आत्या वाचली. पुढं नानांच्या वेळी टोचणारा आला तेव्हा आज्जीनंच त्यांना मांडीत घट्ट धरून बसवलं. मधल्या काळात तिला कुणी व्याख्यान दिलं नव्हतं.

भारतात देवीचा शेवटचा रोगी मे १९७५मध्ये सापडला. रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस, अशी जाहिरात तेव्हा होती. त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली आणि पुढच्या साली नसबंदीच्या जीपा फिरू लागल्या. इकडे हजार रुपये देणारं सरकार आणि तिकडे माणसं पकडणारं सरकार. जीप तीच, सुईही बघणाऱ्याला तीच. नाना तेव्हा तिशीतले, दोन रात्री उसात झोपले होते. २०२१मध्ये ‘कोरोनाच्या लशीनं मूल होत नाही’ अशी आवई उठली, तेव्हा शहरातल्या वाहिन्यांवर त्याची टिंगल झाली. मला ती आवई पंचेचाळीस वर्षं जुनी वाटली.

पण आमच्याच तालुक्यात या अविश्वासाचं उत्तर आधीच सापडलेलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू केलं. गावोगाव त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई पाठवून पाहिल्या. बाहेरगावची, एकटी, परक्या बोलीची बाई गावानं आपली मानली नाही. मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं. यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही टाकून दिलेल्या. दर आठवड्याला जामखेडला जायचं, शिकायचं, परत येऊन सांगायचं.

आमच्या गावच्या मावशी अशाच. सुरुवातीला त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. त्या उंबऱ्याबाहेर बसून बोलत. गोवर म्हणजे काय हे समजावण्याआधी स्वतःच्या नातवाचा टोचलेला दंड दाखवत आणि म्हणत, “ताप येईल. दोन दिस येईल. म्या येते रात्री बघाया.” आणि खरंच येत. ताप येणार हे आधी सांगणारी, आणि आल्यावर दारात उभी राहणारी, अशी ती पहिलीच व्यक्ती होती. जामखेड प्रकल्पाच्या गावांत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि पोलिओची लस मिळालेली मुलं १९७१ साली अर्धा टक्का होती. १९७६ साली ८१ टक्के झाली. या पाच वर्षांचा शेवट म्हणजे तो जीपांचा काळ, हे विसरू नये. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उंबऱ्याच्या आत मावशींना नेमकं कधी घेतलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

१ मार्च २०२१ रोजी साठीच्या पुढच्यांना कोरोनाची लस खुली झाली. आमच्या घरातून सगळ्यांत आधी निघाली आत्या. ऐंशी ओलांडलेली, काठी टेकत. “तोंड बघ माझं,” एवढंच ती नातवाला म्हणाली. नातू चाळिशीचा, पदवीधर, फोनमध्ये दिवसाला वीस व्हिडिओ बघणारा. तोच म्हणत होता, थांबू, बघू. देवी पाहिलेली पिढी रांगेत आणि न पाहिलेली विचारात, हे मी गल्लीगल्लीत बघितलं.

मग एप्रिल-मे आला, दारोदार माणसं गेली आणि विचारातले सगळे धावले. तेव्हा लसच नव्हती. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांचं बुकिंग सरकारच्या कोविन पोर्टलवर. ज्याचं नेट वेगवान त्याचा नंबर. आरोग्य केंद्राबाहेर पुण्याच्या पासिंगच्या गाड्या आणि गावातली पोरं कट्ट्यावर बसून बघतायत. त्याच महिन्यात ‘ग्रामीण भागात लशीबद्दल उदासीनता’ अशा मथळ्याची बातमी मी वाचली आणि पेपर बाजूला ठेवला.

उदासीनता नव्हतीच असं नाही. ऑक्टोबरात रुग्ण हटेनात म्हणून जिल्ह्यातल्या ६१ गावांत टाळेबंदी लावावी लागली. आमच्याच जिल्ह्यातल्या एका नामवंत कीर्तनकारांनी, आपण लस घेतली नाही आणि घेणार नाही, असं भर कीर्तनात सांगितलं. त्यांची समजूत घालायची भाषा थेट आरोग्यमंत्र्यांना करावी लागली. दुसरीकडे पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारनं घरोघर तपासणी करून मे महिन्यातच गाव कोरोनामुक्त केलं होतं. जिल्हा तोच, व्हॉट्सॲपही तेच. हिवरे बाजारला दारात येणारा माणूस ओळखीचा होता, एवढा फरक मला दिसतो.

आमच्या गल्लीत दारात आली ती आशाताई, गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. सुई नर्सबाईंच्या हातात, पण माणूस खुर्चीत बसला तो आशाताईच्या शब्दावर. आत्याचा नातूही तिनंच नेला. याच आशांना जून २०२१मध्ये, लसीकरण चालू असताना, मानधनासाठी संपावर जावं लागलं. राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा आठवडाभर घरी बसल्या, तेव्हा कुठं तोडगा निघाला. वाढ मिळाली ती महिना हजार रुपये, आणि कोविडचा भत्ता पाचशे.