गोटमार आणि दवाखाना

गोटमारीवर आजवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक दंतकथांवरच. सावरगावची मुलगी, पांढुर्ण्याचा मुलगा आणि जाम नदीच्या पात्रात त्यांच्यावर झालेली दगडफेक. नाहीतर भोसल्यांच्या सैन्याचा सराव. मला मात्र या जत्रेचा दुसरा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे जखमींचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नदीत पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा बांधतात. मग दोन्ही काठांवरून गोटे सुटतात ते संध्याकाळपर्यंत. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत.

रेल्वे अपघात किंवा पूर सांगून येत नाही. ही आपत्ती मात्र पंचांगात लिहिलेली असते. लहान गावाच्या दवाखान्याची तीच खरी ताकद. खाटा थोड्या, डॉक्टर मोजके. पण तारीख ठाऊक असते. म्हणून नदीजवळ तात्पुरती उपचार केंद्रं उभारतात, बाहेरून डॉक्टर बोलावतात, रुग्णवाहिका तयार ठेवतात. किरकोळ जखमेला तिथंच टाके, पट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन. त्यामुळे मुख्य दवाखाना गंभीर जखमींसाठी मोकळा राहतो.

जखमींची अशी निवड करण्याची पद्धत नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक लारे यांनी रुजवली: हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची. आपल्याकडेही तोच नियम. डोक्याची कातडी फाटली की रक्त भळाभळा वाहतं, पाहणारा घाबरतो; पण दाबून धरलं की ते बहुधा थांबतं. खरी भीती असते ती गप्प पडलेल्याची. उलट्या, गुंगी, एक बाहुली मोठी झालेली दिसली, की त्याला आधी पुढं पाठवायचं.

पुढं म्हणजे कुठं? बहुतेकदा नागपूर. 1956 पर्यंत ती आपल्याच राज्याची राजधानी होती. तिथलं मेडिकल कॉलेज 1947 चं, छिंदवाड्याचं 2019 चं. राज्याची हद्द बदलली, जखमीची वाट बदलली नाही. त्यात करीलाच नागपुरात मारबतीची गर्दी असते!

2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. जिल्हा कागदावर एका दिवसात होतो. मेंदूचे शल्यचिकित्सक आणि रक्तपेढी तशी होत नाही. शिवाय एका गावात जादा डॉक्टर आणले, तर दुसरीकडं त्या दिवशी बाळंतपणाला कोण, हेही पाहावंच लागतं.

बंदीचे आदेश झाले, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. गोटे थांबले नाहीत. तयारी चांगली झाली म्हणजे प्रश्न सुटला, असं मात्र समजू नये. फुटलेला डोळा टाक्यांनी परत येत नाही.

म्हणून मंडळाला सुचवावंसं वाटतं: दंतकथा पुष्कळ जमवल्या, आता करीच्या दिवसाच्या जुन्या नोंदी जपायला दवाखान्यांना मदत करू. नावं नकोत, वय, जखम, वेळ, पुढं कुठं पाठवलं, एवढं पुरे. गोटमारीची किंमत किती, हे तिथंच लिहिलेलं आहे.