गोदावरीची सिंध झाली तेव्हा

कल्याणला दुर्गाडीजवळ खाडीकाठी नौदलाची निवृत्त नौका 'टी-८०' आणून ठेवली आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी जिंकली आणि इथल्या खाडीत आरमाराची सुरुवात केली, त्याची ही आठवण. ती बघताना मुलीने विचारलं, "अब्बू, हिला नाव का नाही?" लहान नौकांना नुसता नंबर असतो, म्हटलं. घरी येऊन मात्र नानीची पत्र्याची पेटी काढली.

नानीचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात 'एचएमआयएस गोदावरी'वर होते. यात नवल काही नाही. रत्नागिरीच्या कोकणी मुसलमान खलाशांवर तर युद्धाआधीचं आरमार चाललेलं होतं. त्या काळच्या मोठ्या रक्षक जहाजांना, म्हणजे स्लूपना, नद्यांची नावं होती: सतलज, जमना, नर्मदा, कृष्णा, कावेरी. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी आपली गोदावरी इंग्लंडमध्ये थॉर्निक्रॉफ्टच्या कारखान्यात बांधली गेली आणि १९४३ च्या जूनमध्ये सेवेत आली. व्यापारी जहाजांच्या तांड्याला पाणबुड्यांपासून राखायचं, हे तिचं काम.

पेटीत त्यांची काही पाकिटं आहेत. त्यांवर पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा नाही, सेन्सॉरचा शिक्का मात्र ठसठशीत. जहाजावरचा अधिकारी पत्र वाचल्याशिवाय सोडत नसे आणि बंदराचं नाव लिहायची बंदी होती. घरच्यांनीही गावाच्या पत्त्यावर नाही, माणसाच्या आणि जहाजाच्या नावाने लिहायचं. पुढे पोचवायचं काम नौदलाच्या टपालाचं. ऑगस्ट १९४४ च्या पत्रात नुसती खैरियत आहे आणि बहिणीला ईदीचे पैसे मिळाले का, ही विचारणा. त्याच महिन्यात, १२ तारखेला, सेशेल्सजवळ ब्रिटिश फ्रिगेट 'फाइंडहॉर्न' आणि 'गोदावरी' यांनी मिळून 'यू-१९८' ही जर्मन पाणबुडी बुडवली. आतले सगळे ६६ जण गेले. फाइंडहॉर्न हीसुद्धा स्कॉटलंडमधली नदीच. नानीला हे कधीच कळलं नाही. मलाही पन्नाशीत कळलं.

मग फाळणी आली. टेबलं, टाइपरायटर वाटले गेले तशी जहाजंही. सहा स्लूपपैकी चार भारताकडे राहिले. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानला गेल्या. सतलज नदी पुढे पाकिस्तानात जाते, तरी जहाज इकडे. नाशिकची गोदावरी कराचीला! वाटणी करणाऱ्यांनी नकाशा पाहिला असेल असं वाटत नाही, जहाजं मोजली असतील. भारतातल्या मुसलमान खलाशांना मात्र दोन्हीपैकी एक देश निवडायची मुभा होती. नानीच्या भावाने कल्याण निवडलं. जहाज गेलं, खलाशी राहिला. त्यांच्याकडे पुढे कुणी देशनिष्ठेचा दाखला मागितला की ते काही बोलत नसत, तंबाखू मळत बसत.

पेटीतलं शेवटचं पाकीट त्यांचं नाही, त्यांना आलेलं आहे. जहाजाबरोबर गेलेल्या एका जुन्या साथीदाराचं, १९४८ चं, कराचीहून. त्यावर सहाव्या जॉर्जचं तेच भारतीय तिकीट आहे, फक्त वर काळ्या शाईत 'पाकिस्तान' छापलेलं. नव्या देशाकडे सुरुवातीला स्वतःची तिकिटं नव्हती. १ ऑक्टोबर १९४७ पासून जुन्यांवर असं नाव छापून चालवलं. स्वतःची तिकिटं आली ती १९४८ च्या जुलैमध्ये. गोदावरीचंही तसंच झालं, जहाज तेच आणि नाव 'सिंध'. साथीदाराने हीच खबर कळवली आहे. अक्षर उर्दू, भाषा आपली कोकणी.

इकडे गोदावरी हे नाव रिकामं झालं होतं. १९५३ मध्ये ब्रिटनकडून आलेल्या एका जुन्या रक्षक विनाशिकेला ते मिळालं. पुढे माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या फ्रिगेटला दिलं. ती १९८३ पासून २०१५ पर्यंत सेवेत होती. तिच्यावरच्या माणसाला पत्र लिहायचं तर नाव, जहाज, 'मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. समुद्राचा पत्ता आजही पाकिटावर येत नाही.

तिकिटं जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना कराचीचं पाकीट दाखवलं. ते म्हणाले, तिकीट पाण्यात भिजवून काढू नका, अख्खं पाकीट ठेवा. मी ते पेटीत ठेवलं, सेन्सॉरच्या पाकिटांना चिकटूनच.